बिनवासाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, ते मला सांगता येणार नाही. मुठीत मावेन एवढाच आहे. रंग शिशासारखा करडा, आणि एका अंगाला पांढऱ्या गारगोटीची कड चिकटलेली. मला पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात हमखास खाली जातो, कारण आकाराच्या मानाने मी फार जड आहे. 'अरे बापरे!' हे शब्द मी जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा स्वतःचे नावसुद्धा ऐकले नाही.

माझे नाव हेसाइट. चांदी आणि टेल्युरियम यांच्या संयोगातून मी झालो. चांदी तुम्हाला ठाऊकच आहे. टेल्युरियम फारसे कोणाला ठाऊक नसते. जमिनीत ते इतके थोडे आहे की सोन्यासारखे हुडकावे लागते. खूप खोल, खडकांच्या भेगांतून तापलेले पाणी वर चढत होते. ते निवत गेले तशी भेगेच्या कडांना आधी गारगोटी धरली, मग उरलेल्या पोकळीत मी धरलो. शेजारी सोन्याचे दोनचार कण होते आणि सोन्यासारख्या दिसणाऱ्या, पण सोने नसलेल्या खनिजाचे पिवळे चौकोनी खडे होते. तापलेला होतो तेव्हा माझी आतली बांधणी वेगळी होती, निवल्यावर ती बदलली. त्या बदलाच्या बारीक रेघा माझ्या पोटात अजून आहेत.

त्यानंतर माझ्या बाबतीत काहीच घडले नाही. मग एक दिवस सुरुंग उडाला.

ती खाण चांदीचीच होती, पण तिथल्या लोकांना साध्या, ओळखीच्या खनिजाची सवय. मला उचलून एक खाणकामगार म्हणाला, "शिसं दिसतंय. टाक ढिगाऱ्यात." आणि मी टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यात जाऊन पडलो. तिथे ऊन लागले, वारा लागला, अंगावर काळपट झाक आली. कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मला ओळखले ते खाणीच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी. ढिगाऱ्यावरून जाताना त्यांच्या चपलेखाली मी आलो. त्यांनी मला उचलले, हाताने तोलले, आणि खिशातला चाकू काढून माझी कड कापली. मित्रांनो, दगड चाकूने कापला जात नाही, फुटतो. मी मात्र सुरीखाली साबणाच्या वडीसारखा कापला गेलो, आणि आतून असा लखलखलो की मॅडम तिथेच उकिडव्या बसल्या.

माझा अर्धा भाग कुटून भट्टीत घातला. त्यातून चांदीचा गोल, पांढरा मणी निघाला. तो पाहायला साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे आले. उरलेला अर्धा, म्हणजे आज तुमच्याशी बोलणारा मी, भट्टीच्या शेडमध्ये फळीवर ठेवला गेला. नवीन माल आला की माझ्याशी ताडून पाहायचा. ते माझे मानाचे दिवस होते. पण मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो माणूस मला त्या शेडमध्ये भेटला.

तो भट्टीवाला होता. उंच, काटक आणि भारी बोलका. भट्टी पेटवताना तिच्याशी बोलायचा, टोपल्या आणणाऱ्यांशी बोलायचा, कोणी नसले तर माझ्याशी. "काय राव, आज तुमचे भाऊबंद पुष्कळ आलेत," असे म्हणून कुटलेल्या दगडाची भुकटी मातीच्या पसरट ताटलीत घालायचा आणि भाजायला सरकवायचा. भाजताना पांढरा धूर निघे. छतातला मोठा पंखा तो ओढून धुराड्यात लोटून देई.

त्याचे लग्न होऊन वर्ष होत आले होते. बायको घरी कपडे शिवायची. तिला दिवस गेले आहेत, हे त्याने आईला सांगायच्या आधी मला सांगितले होते.

मग पंख्याची मोटर जळाली.

"मुकादम, पंखा बंद पडलाय. सगळा धूर तोंडावर येतोय."

"साहेबांना सांगितलंय. तोवर खिडकी उघड."

"खिडकीतून वारा आत येतो, धूर बाहेर जात नाही."

"मग जरा लांब उभा राहा," मुकादम म्हणाला. भट्टीत ताटली सरकवणाऱ्याने लांब कसे उभे राहायचे, ते काही त्याने सांगितले नाही.

थोड्याच दिवसांत भट्टीवाल्याच्या तोंडाला लसणाचा वास येऊ लागला. साधासुधा नाही, शेडच्या दारातून आत येणारा माणूस तिथेच थबकायचा. पहिल्यांदा सगळे हसले. "काय, सासूनं लसणाचं पोतं पाठवलं वाटतं!" तोही हसला. मग त्याचे नाव 'लसूणराव' पडले. मग लोक त्याच्याशी बोलताना एक पाऊल मागे सरकू लागले. मग जेवणाच्या सुट्टीत बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली. थट्टेत कोणाचा पाय मागे सरकत नाही. तो पाय मागे सरकला तेव्हा थट्टा संपली होती, हे त्याला उशिरा कळले.

"मला स्वतःला येतच नाही रे वास," तो माझ्याकडे बघून म्हणायचा. "बायको म्हणते, येतो. रात्रीची भाजी बिनलसणाची करते, तरी येतो. डॉक्टरकडे गेलो तर म्हणाले, लसूण कमी खा. अरे, खातच नाही तर कमी काय खाऊ?"

त्याचे तोंड कोरडे पडायचे. जिभेवर सारखी लोखंड चाटल्यासारखी चव. अन्नावरची वासना गेली. आणि झोप! उभ्या उभ्या डोळे मिटायचे. घरी जाऊन पडला की बायकोने हाका मारल्या तरी उठायचा नाही.

आता त्या बायकोचेही ऐका. तिच्या काकाने दारूपायी स्वतःचा संसार धुळीला मिळवला होता आणि तिच्या वडिलांच्या दुकानाचा निम्मा भाग विकायला लावला होता. तो काका पिऊन आला की वास लपवायला लसणाच्या कच्च्या पाकळ्या चघळायचा. लहानपणी तिने तो वास दाराआड उभे राहून घेतला होता. आणि आता तिचा नवरा भेलकांडत घरी येत होता, जेवत नव्हता, मेल्यासारखा झोपत होता, आणि त्याच्या तोंडाला तोच वास होता. तिने काय समजावे?

तिने एकदाच विचारले. तो चिडला. "मी थेंबाला शिवत नाही, तुला ठाऊक नाही का?" काकाही असेच म्हणायचा. ती माहेरी निघून गेली.

हे सगळे त्याने मॅडमना सांगितले ते रडवेल्या आवाजात, त्यांनी सहज "बरं नाही का?" विचारले म्हणून. मॅडमनी हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"तू लसूण खातच नाहीस?"

"नाही हो मॅडम. देवाशप्पथ."

"मग हा टेल्युरियमचा वास आहे," त्या म्हणाल्या. "अरे, मला वाटलं जेवणाचाच असेल. विचारायचं कसं, म्हणून मी गप्प बसले. त्या धुरातलं टेल्युरियम श्वासावाटे अंगात जातं, आणि अंगातून असा वास होऊन बाहेर पडतं. झोप येते, तोंड सुकतं, सगळं त्याचंच. तू काही केलेलं नाहीस."

तो हसू लागला. मग रडू लागला. मग पुन्हा हसला.

मॅडम म्हणाल्या, "मी येते तुझ्या सासरी. समजावून सांगते."

इथे त्याचे चुकले. तो म्हणाला, "घरातली गोष्ट आहे, मॅडम. मीच सांगतो. फक्त हा दगड द्या, दाखवायला."

असा मी त्याच्या खिशात बसून त्याच्या सासरी गेलो.

सासऱ्यांचे चहापत्तीचे दुकान होते. सगळे आयुष्य त्यांनी नाकाच्या जोरावर काढले होते. चिमूटभर पत्ती तळहातावर चोळून नाकाशी नेत, आणि ती कोणत्या उतारावरची, कधी खुडलेली, गोदामात ओल लागली की नाही, सगळे सांगत. व्यापारी त्यांच्या शब्दावर माल उचलत.

"या, जावईबापू," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे ओढून स्वतः लांब बसले. आतल्या दारात त्याची बायको उभी होती. धाकटा मेहुणा डबे पुसत होता.

भट्टीवाल्याने मला गल्ल्यावर ठेवले. "बाबा, मी पीत नाही. हा वास ह्या दगडाचा आहे. हा दगड आम्ही भाजतो, त्यातून..."

"ह्या दगडाचा?"

"हो."

सासऱ्यांनी मला उचलले. त्यांचाही हात खाली गेला, पण ते 'अरे बापरे' म्हणाले नाहीत. त्यांनी मला तळहातावर चोळले, नाकाशी नेले, डोळे मिटले. त्यांनी मला उलटे करून पुन्हा हुंगले.

मित्रांनो, मला वास नाही. मला कापा, घासा, चुरा करा, मला कसलाच वास येत नाही. टेल्युरियमला तो वास येतो तो माणसाच्या अंगात शिरल्यावर, त्याच्या रक्तातून फिरून बाहेर पडताना. हे मला ठाऊक होते, मॅडमना ठाऊक होते. भट्टीवाल्याला मॅडमनी सांगितले होते, पण आनंदाच्या भरात तेवढेच त्याच्या कानांवरून गेले होते. माणसांना ऐकू जाईल अशी वाचा मला असती तर त्या क्षणी मी ओरडलो असतो.

"याला काहीही वास नाही," सासरे म्हणाले.

"नाही, म्हणजे भाजल्यावर... मॅडम सांगत होत्या..."

"जावईबापू, माझा भाऊ दर वेळी नवं कारण आणायचा. दगड मात्र त्यानं कधी आणला नव्हता."

तो बायकोकडे वळला. "अगं, तू तरी..." तो बोलायला पुढे झुकला, आणि तो वास तिच्या तोंडावर आला. तिने मान फिरवली. मला वाटते, तिने ती मुद्दाम फिरवली नाही. ती आपोआप फिरली. पण त्याने ते पाहिले. त्याचा हात तोंडावर गेला. तो तसाच, तोंडावर हात ठेवून, दुकानाच्या पायऱ्या उतरला. मला न्यायचे विसरला.

मी त्या दुकानात राहिलो. एका मोठ्या डब्याचे झाकण नीट बसत नव्हते, त्यावर मला ठेवले. चांदीच्या दगडाला झाकण दाबायचे काम! पण मला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटायला दुसरे पुष्कळ होते.

खाणीतल्या बातम्या गिऱ्हाइकांबरोबर दुकानात यायच्या. मॅडम पंख्यासाठी साहेबांशी भांडल्या, तेव्हा साहेब म्हणाले, "लसणाच्या वासानं कोणी मरत नाही." पुढे भट्टीपाशी झोपलेला सापडला म्हणून, दारुड्या म्हणून, भट्टीवाल्याला काढून टाकले. मॅडमची दूर कुठेतरी बदली झाली. सासरे हे ऐकून फक्त एवढेच म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?"

भट्टीवाल्याच्या बायकोला मुलगी झाली. बाळाच्या बापाला निरोप धाडला, तर खोलीला कुलूप होते. कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हते. दुपारी दुकानात कोणी नसले की ती बाळाला मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसायची. कधी मला उचलून नाकाशी न्यायची. पुन्हा ठेवायची. तिच्या मनात काय चालले होते, ते तिने कोणाला सांगितले नाही.

बाळाला दात येत होते तेव्हा मेहुण्याने खाणीत नोकरी धरली. दुकानात दोघांपुरते काम नव्हते, आणि भट्टीवर माणूस हवा होता. आठवड्याच्या सुट्टीला तो घरी यायचा. पहिल्या सुट्टीला आला तो थकून आला. दुसऱ्या सुट्टीला आला, पायरीवर चपला काढल्या, आणि म्हणाला, "बाबा, चहा टाकायला सांगा ना. तोंडाची नुसती चव गेलीय."

सासऱ्यांच्या हातात चहापत्तीची चिमूट होती. ती तशीच राहिली. ते उठले, मुलाच्या अगदी जवळ गेले. मुलगा घाबरला.

"काय झालं, बाबा?"

"तोंड उघड."

त्याने तोंड उघडले. सासऱ्यांनी हुंगले, आणि पुन्हा हुंगले. ह्या मुलाने सुपारीचे खांडसुद्धा कधी तोंडात टाकलेले नव्हते, हे त्यांना माहीत होते.

आतून त्यांची लेक बाहेर आली. तिलाही वास आला. तिने भावाकडे पाहिले, मग वडिलांकडे, मग डब्यावरच्या माझ्याकडे.

"पंखा चालू आहे का रे तिथला?" तिने विचारले.

"कुठला पंखा, ताई? मी कामाला लागल्यापासून बंदच आहे."

तिने डब्यावरून मला उचलले आणि पदराला डोळे पुसायच्या ऐवजी मलाच घट्ट कवटाळून खाली बसली. सासरे गल्ल्यामागे जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या दिवशी दुकान लवकर बंद झाले.

मेहुण्याने नोकरी सोडली आणि भाऊजींचा शोध सुरू केला. पाण्याच्या टँकरवाल्याने पत्ता दिला. "लसूणराव ना? तो नदीवरच्या पंपघरात असतो. एकटाच. कोणाशी बोलत नाही. आम्ही गेलो की हातानंच खूण करतो."

ते सगळे गेले. सासरे, मेहुणा, आणि कडेवर बाळ घेतलेली ती. मी तिच्या पिशवीत होतो.

पंपघर म्हणजे पत्र्याची खोली. मधोमध इंजिन धडधडत होते. त्यांना पाहून तो उठला आणि इंजिनाच्या पलीकडे गेला. तोंडावर रुमाल बांधलेला होता. दाढी वाढली होती.

"तिथूनच बोला," तो म्हणाला.

तिने बाळ भावाच्या हाती दिले आणि इंजिनाला वळसा घातला. तो मागे सरकला. आणखी मागे. मग पाठीला पत्रा लागला आणि सरकायला जागाच उरली नाही. तिने त्याचा रुमाल सोडला. तो तोंड फिरवू लागला तर तिने त्याची हनुवटी धरली.

"अहो, वास नाहीये."

"खोटं बोलू नकोस."

"नाहीये, खरंच. कधीचा गेलाय तो. डिझेलचा येतोय नुसता."

मित्रांनो, तो वास धूर थांबल्यावर काही महिन्यांत आपोआप निघून जातो. त्याचाही गेला होता. पण स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, आणि जवळ येऊन सांगणारे कोणी त्याने उरू दिले नव्हते. गेलेल्या वासाची राखण करत तो त्या पत्र्याच्या खोलीत बसला होता.

"तू सांग," तो मेहुण्याला म्हणाला. "तू खरं बोलशील."

मेहुण्याने मान खाली घातली. "मला काय कळणार, भाऊजी? माझ्याच तोंडाला येतोय."

भट्टीवाल्याने त्याच्याकडे पाहिले, आणि सगळे त्याच्या लक्षात आले. त्याला हसू फुटले. ते चांगले हसू नव्हते.

तेव्हा सासरे पुढे आले. ते जावयापाशी गेले, डोळे मिटून हुंगले, आणि हात जोडून म्हणाले, "जावईबापू, माझं नाक सांगतं, वास नाही. चला घरी."

"तुमचं नाक त्या दिवशीही सांगत होतं, बाबा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यानंतर दुकानात त्यांनी चहापत्ती हुंगून भाव सांगितला नाही. कोणी तळहात पुढे केला तर म्हणायचे, "तुम्हीच बघा."

तो घरी काही आला नाही. मग तीच आली. पंपघराशेजारी एक खोली घेतली, शिलाईचे यंत्र आणले, बाळ आणले, मला आणले. आता मी त्यांच्या खिडकीत असतो. तो चांगला नवरा आहे. पाणी भरतो, मुलीचे झबले वाळत घालतो, बायकोच्या कात्रीला धार लावतो. पण तोंडावर हात धरल्याशिवाय बोलत नाही. बायको जवळ बसली की हात आणखी घट्ट होतो. ती रोज सांगते, "नाहीये हो." तो रोज मान हलवतो. पूर्वीचा तो बोलका माणूस मला एकट्यालाच आठवतो की तिलाही, ते मी तिला विचारू शकत नाही.

खाणीच्या खडकात धावणारी माझ्या भाऊबंदांची शीर संपली, भट्टी विझली. पंखा शेवटपर्यंत दुरुस्त झाला नाही.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तोंडावर हात ठेवूनच बोलू लागली. तिला वाटले, बोलणे असेच असते. 'आई' म्हणताना हात, 'पाणी' म्हणताना हात. आई तिचा हात काढायची, तो पुन्हा जायचा. परवा दुपारी ती बापासमोर उभी राहून असेच काहीतरी सांगत होती.

"हात काढ, बाळा," तो हाताआडून म्हणाला.

"आधी तुम्ही."

शिलाईचे यंत्र थांबले. मग त्याने हात खाली घेतला. मुलीनेही घेतला, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली. त्याचे ओठ हलले. पण शब्द काही आला नाही. मुलगी जरा वेळ थांबली, मग खेळायला पळाली. त्याचा हात मांडीवर तसाच पडून होता.

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी काळा पडलो तरी आतली चांदी कुठे जात नाही. माझी एवढीच विनंती आहे: कोणाच्या अंगाला वास आला, तर नाक दाबायच्या आधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तू काम कुठं करतोस?" आणि मग तिथला पंखा चालू आहे का, ते स्वतः जाऊन पाहून या.